यंत्र बंद करताना

(मुखेड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



संयोजकांनी विषयाची मोकळीक दिली, पण एक अट घातली. संगणकावर बोला म्हणाले, आणि समजेल असं बोला. हल्ली संगणकावर बोलायचं म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर बोलायचं असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. त्यावर बोलणारे नांदेडला आहेत, लातूरला आहेत, आणि मोबाइलवर तर रात्रंदिवस आहेत. माझं पोट ज्या कामावर चालतं ते काम संगणकाच्या पार तळाशी, लोखंड आणि प्रोग्राम जिथं एकमेकांना भेटतात तिथं असतं. तेव्हा मी तिथलंच सांगणार.

मी डिव्हाइस ड्रायव्हर लिहितो. संगणकाला कीबोर्ड असतो, डिस्क असते, नेटवर्क कार्ड असतं, कॅमेरा असतो. यातली प्रत्येक वस्तू वेगळ्या कारखान्यात बनते आणि तिची चालवण्याची रीतही वेगळी असते. ती रीत माहीत असलेला, त्या वस्तूकडून काम करून घेणारा जो छोटा प्रोग्राम, तो ड्रायव्हर. ड्रायव्हर सुरू कसा करायचा यावर पुस्तकांत प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. तो बंद कसा करायचा यावर बहुतेक ठिकाणी पानभर मजकूर मिळतो, तोही शेवटी. आज मी त्या पानभर मजकुरावर तासभर बोलणार आहे.

आधी इंटरप्ट म्हणजे काय ते सांगतो. प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी सूचना पाळतो. तुमचं कीबोर्डवरचं बोट सेकंदाला फार तर आठ-दहा वेळा हलतं. आता प्रोसेसरने काय करावं? ‘कळ दाबली का, कळ दाबली का’ असं विचारत बसावं? मग बाकीची कामं कोण करणार? म्हणून रीत अशी पडली की प्रोसेसरने आपलं काम करत राहायचं आणि कळ दाबली गेली की कीबोर्डने त्याला संकेत द्यायचा. संकेत आला की प्रोसेसर हातातलं काम आहे तिथं ठेवतो, कुठं होतो याची खूण जपून ठेवतो, आणि त्या उपकरणासाठी नेमलेल्या छोट्या प्रोग्रामकडे धावतो. या छोट्या प्रोग्रामला हँडलर म्हणतात. हँडलरचं काम झालं की प्रोसेसर परत आपल्या जागी. इथं जी मुलं लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरतात त्यांनी घरी गेल्यावर ‘प्रॉक’ नावाच्या फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल उघडून पाहावी. कोणत्या उपकरणाने कोणत्या प्रोसेसरला किती वेळा थांबवलं याचा चालू हिशेब तिच्यात असतो. माउस हलवा, पुन्हा उघडा, आकडा वाढलेला दिसेल.

ही सोय आली तेव्हा सगळ्यांनाच आनंद झाला असं मात्र नाही. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अॅमस्टरडॅममध्ये एक्स-१ नावाचा संगणक तयार होत होता. लूपस्ट्रा आणि स्खोल्टन यांनी त्याची रचना केली होती, आणि त्यावर पायाभूत प्रोग्राम लिहिण्याचं काम एड्सगर डाइक्स्ट्रा या तरुणाकडे होतं. यंत्रात इंटरप्टची सोय ठेवायची आहे हे कळल्यावर डाइक्स्ट्रा चक्क घाबरले. तोवर प्रोग्राम चुकला तर तो पुन्हा चालवायचा आणि चूक पुन्हा त्याच जागी पकडायची, असा धंदा होता. इंटरप्ट आला की तो भरवसा गेला, कारण संकेत कोणत्या क्षणी येईल ते प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या हातात नाही. आज चूक दिसली, उद्या नाही, परवा भलत्याच ठिकाणी. काही महिने त्यांनी होकार दिला नाही. शेवटी सहकाऱ्यांनी त्यांच्या बुद्धीचं कौतुक करून करून त्यांना राजी केलं असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. १९५९ चा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच कामातून आला. माझ्या मते डाइक्स्ट्रांची ती भीती रास्त होती आणि आजही आहे. आम्ही फक्त तिच्यासोबत राहायला शिकलोय.

आता बंद करण्याकडे वळतो. या भागातल्या माणसाला हे समजावून सांगायला मला लांब जावं लागत नाही. शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरला बसवलेला ऑटो स्विच आठवा. शेतीची लाइट कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्री उठून शेतात जायला नको म्हणून माणूस ऑटो स्विच लावतो. लाइट आली की मोटार आपोआप सुरू. महावितरण कितीतरी वर्षं सांगतंय की ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा, कारण लाइट येताच डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उचल घेतात आणि डीपी जळतो. ते एक झालं. मला दुसरी गोष्ट दाखवायची आहे. मोटारीत बिघाड झाला. लाइट गेलेली आहे, मोटार गप्प आहे, म्हणून माणूस वायर सोडवायला बसला. त्याच्या दृष्टीने मोटार बंद आहे. ऑटो स्विचच्या दृष्टीने ती फक्त लाइटची वाट पाहतेय. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि जीव जातो तो यातूनच.

जुना, अनुभवी वायरमन पाहा काय करतो. तो आधी मेन स्विच पाडतो. मग तिन्ही फ्यूज काढतो आणि पेटीवर न ठेवता स्वतःच्या खिशात टाकतो. मग टेस्टर लावून बघतो. विहिरीत कोणी उतरलेलं असेल तर हाक मारतो आणि तो वर येईपर्यंत थांबतो. आणि एवढं झाल्यावर पान्ह्याला हात घालतो. संगणकातलं उपकरण बंद करण्याची रीत याच क्रमाची आहे. फरक एवढाच की तिथं हे सगळं सेकंदाच्या फार लहान तुकड्यात घडतं आणि हाक मारायला प्रोग्राम लिहावा लागतो.

एक नेटवर्क कार्ड घेऊ. तुम्ही लॅपटॉपचं झाकण मिटलं, किंवा मशीन बंद करायला सांगितलं, किंवा सर्व्हर सांभाळणाऱ्याने ड्रायव्हर काढून टाकण्याचा हुकूम दिला. तिन्ही वेळा ड्रायव्हरमधलं वेगवेगळं फंक्शन चालतं, पण प्रश्न एकच असतो. आजच्या साध्या लॅपटॉपमध्येही चार-आठ कोअर असतात, म्हणजे एकाच वेळी काम करणारे तेवढे प्रोसेसर. समजा पहिल्या कोअरवर ड्रायव्हर आवराआवर करतोय. नेमक्या त्याच वेळी इंटरनेटवरून एक पॅकेट येऊन कार्डावर पडलं, कार्डाने इंटरप्ट दिला, आणि तो तिसऱ्या कोअरवर पोचला. तिसऱ्या कोअरवर हँडलर सुरू झाला. पॅकेट जिथं ठेवायचं त्या मेमरीचा पत्ता त्याने हातात घेतला. तेवढ्यात पहिल्या कोअरने ती मेमरी मोकळी करून टाकली, कारण त्याच्या मते आता ती कोणाला नकोच आहे. तिसरा कोअर तोच पत्ता धरून पुढं चालला. ती जागा आता दुसऱ्याच कोणाच्या ताब्यात असेल. तिथं लिहिलं गेलं तर कोणाचा तरी डेटा खराब होतो, आणि तो कोणाचा हे पुष्कळदा तासाभराने कळतं. नशीब चांगलं असेल तर मशीन तिथल्या तिथं कोसळतं. मशीन तिथल्या तिथं कोसळण्याला आम्ही नशीब चांगलं म्हणतो, यावरून या धंद्याची कल्पना यावी.

मग बरोबर क्रम कोणता? वरून येणारं काम आधी थांबवायचं, म्हणजे कार्डाकडे नवीन पॅकेट सोपवणारे लोक आधी दूर करायचे. मग कार्डालाच सांगायचं की यापुढे इंटरप्ट देऊ नकोस. कार्डावर यासाठी एक रजिस्टर असतं, त्यात तसं लिहायचं. इथं एक मेख आहे, आणि माझ्या धंद्यातली नवी माणसं इथं हमखास अडखळतात. रजिस्टरमध्ये लिहिण्याची सूचना प्रोसेसरने पाळली म्हणजे ती कार्डापर्यंत पोचली असं होत नाही. पीसीआय नावाच्या ज्या मार्गावर ही कार्डं बसतात त्यात लिहिलेली गोष्ट वाटेतल्या पुलाच्या बफरमध्ये काही काळ थांबू शकते. प्रोसेसर पुढच्या ओळीवर गेलेला असतो, निरोप अजून वाटेतच असतो. म्हणून लिहिल्यावर तेच रजिस्टर परत वाचायचं. मार्गाचा नियम असा की वाचनाला आधीचं लिखाण ओलांडून पुढं जाता येत नाही. वाचून उत्तर आलं म्हणजे निरोप नक्की पोचला. वायरमनचा टेस्टर तो हाच.

कार्ड गप्प झालं. पण आधीच निघालेला एखादा इंटरप्ट तिसऱ्या कोअरवर चालू असेल त्याचं काय? त्यासाठी लिनक्समध्ये ‘सिंक्रोनाइझ आयआरक्यू’ नावाचं फंक्शन आहे. ते दुसरं काही करत नाही, फक्त थांबतं. या इंटरप्टचा हँडलर कोणत्याही कोअरवर चालू असेल तर तो संपेपर्यंत पुढं जाऊ देत नाही. इंटरप्टवरचा आपला हक्क सोडायचं फंक्शन आहे ‘फ्री आयआरक्यू’; तेही आधी हँडलरचं नाव यादीतून काढतं आणि मग आत असलेल्याची वाट पाहतं. एवढं झालं की मेमरी परत करायची, आणि सर्वांत शेवटी उपकरणाचं घड्याळ आणि वीज तोडायची.

हा क्रम ऐकायला सोपा आहे. प्रत्यक्षात तो उलटा झालेला मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. एका कंपनीकडून आलेला ड्रायव्हर माझ्याकडे तपासायला आला होता. त्याचं ‘रिमूव्ह’ फंक्शन दिसायला इतकं सुटसुटीत की कोणीही शाबासकी द्यावी. पहिल्याच ओळीत उपकरणाचं घड्याळ बंद, दुसऱ्या ओळीत वीज बंद, संपलं. इंटरप्ट सोडणारी ओळच नाही. का नाही? तर लिनक्समध्ये आता एक सोय आहे: सुरुवातीला मागितलेल्या वस्तू कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच परत घेतो, घेतल्या त्याच्या उलट्या क्रमाने. लिहिणाऱ्याने इंटरप्ट या सोयीतून घेतला होता आणि घड्याळ मात्र स्वतःच्या हाताने बंद केलं होतं. पण कर्नलची ही आपोआप आवराआवर ‘रिमूव्ह’ संपल्यानंतर सुरू होते. म्हणजे वीज गेली आणि हँडलर अजून जागेवर आहे, असा एक फटीएवढा काळ उरला. त्या फटीत इंटरप्ट आला की हँडलर वीज नसलेल्या उपकरणाला विचारायला जातो. सोय वाईट नाही. अर्धी सोयीने आणि अर्धी हाताने, ही सरमिसळ वाईट.

वीज नसलेल्या उपकरणाला विचारलं तर काय होतं? मोबाइलमध्ये असतात तशा काही चिपवर घड्याळ बंद असलेल्या भागाला हात लावला की सगळा मार्गच गोठतो. पडद्यावर ना संदेश ना काही, यंत्र नुसतं थिजून बसतं. पीसीआयवर वेगळी गंमत होते. तिथं उत्तर देणारं कोणीच नसेल तर प्रोसेसरच्या हातात सगळे बिट ‘एक’ असलेला आकडा पडतो. आता हँडलर विचारतो काय? पॅकेट आलं का? हो. पाठवलेलं पोचलं का? हो. काही चूक झाली का? हो. केबल निघाली का? हो. मेलेलं उपकरण प्रत्येक प्रश्नाला हो म्हणतं, आणि भाबडा हँडलर ती सगळी कामं उरकत बसतो. ‘काम शिल्लक आहे तोवर फिरत राहा’ असं लिहिलेलं असेल तर कायमचा फिरत राहतो. म्हणून चांगले ड्रायव्हर पहिल्याच ओळीत पाहतात: सगळे बिट एक आहेत का? असतील तर ‘हे माझं नाही’ म्हणून परत फिरतात. थंडरबोल्टवरून जोडलेली वस्तू कोणी न सांगता उपटून काढली तरी हीच तपासणी उपयोगी पडते.

‘हे माझं नाही’ हे उत्तर फार महत्त्वाचं आहे, कारण इंटरप्टची वायर कित्येकदा सामाईक असते. जुन्या पीसीआयमध्ये इंटरप्टसाठी चारच वायर होत्या आणि कार्डं जास्त, त्यामुळे एका वायरवर तीन-तीन उपकरणं. वायरवर संकेत आला की कर्नल त्या वायरवरच्या प्रत्येक हँडलरला बोलावतो आणि ज्याचं असेल त्याने उचलावं अशी अपेक्षा ठेवतो. आता समजा एका ड्रायव्हरने आपला हँडलर काढून घेतला, पण उपकरणाला गप्प केलंच नाही. उपकरण वायर ओढून धरून बसतं. कर्नल शेजाऱ्यांना विचारतो, सगळे म्हणतात माझं नाही. वायर अजून ओढलेलीच, म्हणून पुन्हा इंटरप्ट, पुन्हा विचारणा. प्रोसेसर दुसरं काही करूच शकत नाही. लिनक्स याचा हिशेब ठेवतो. १,००,००० इंटरप्टांपैकी ९९,९०० हून जास्त कोणीच उचलले नाहीत तर कर्नल कोणाला पर्वा नाही अशा अर्थाचा संदेश छापतो आणि ती वायरच बंद करून टाकतो. मशीन वाचतं. पण त्याच वायरवरची निर्दोष डिस्क किंवा यूएसबी मधल्या मध्ये मुकी होते, आणि ज्याचा तो दोष तो ड्रायव्हर तोवर निघून गेलेला असतो. म्हणूनच ‘फ्री आयआरक्यू’च्या वर कर्नलच्या कोडमध्ये टीप लिहिलेली आहे की वायर सामाईक असेल तर हे फंक्शन बोलावण्याआधी आपल्या कार्डावरचा इंटरप्ट बंद करणं ही बोलावणाऱ्याची जबाबदारी. आज पीसीआय एक्सप्रेसमध्ये वायर गेली. उपकरण आता इंटरप्ट म्हणून मेमरीत एक छोटासा आकडाच लिहितं. त्यामुळे शेजाऱ्याचा त्रास बराच कमी झाला, पण वाटेत असलेल्या निरोपाचा प्रश्न तसाच आहे.

वाट पाहायची हे ठरलं. पण वाट पाहणाराच वाट अडवून बसला तर? ड्रायव्हर आणि हँडलर दोघांना लागणाऱ्या वस्तूला कुलूप असतं. ज्याच्या हातात कुलूप तो आत, दुसरा बाहेर. आता ड्रायव्हरने कुलूप हातात घेतलं आणि मग ‘हँडलर संपेपर्यंत थांबतो’ म्हणाला. हँडलर दुसऱ्या कोअरवर तेच कुलूप सुटण्याची वाट पाहतोय. दोघंही जन्मभर एकमेकांसाठी थांबतील. याहून वेडेपणा म्हणजे हँडलरने आपल्याच आत ‘हा हँडलर संपेपर्यंत थांब’ असं म्हणणं. म्हणून लिनक्समध्ये इंटरप्ट बंद करण्याची दोन फंक्शनं आहेत, एक थांबणारं आणि एक न थांबणारं, आणि हँडलरच्या आतून फक्त न थांबणारं वापरायचं. तुम्ही म्हणाल, मग नेहमीच न थांबणारं वापरलं तर भांडणच नको. पण मग मेमरी मोकळी करायची कधी?

आता हँडलर संपला तरी काम संपत नाही, हे सांगायलाच हवं. हँडलरने झटपट उरकायचं असतं, म्हणून तो जड काम नंतरसाठी ठेवतो: कधी रांगेत, कधी टायमरवर, आणि २००९ पासून लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये आलेल्या, हँडलरसाठीच्या वेगळ्या थ्रेडवर. आवराआवर करताना हे उधारीवरचं कामही रद्द करायचं आणि रद्द होईपर्यंत थांबायचं. इथं खरी गाठ पडते. टायमर वाजला की तो रांगेत काम टाकतो. रांगेतलं काम संपताना टायमर पुन्हा लावतं. तुम्ही टायमर बंद केला, मागून रांगेतल्या कामाने तो पुन्हा लावला. रांग आधी बंद केली तर टायमरने बंद रांगेत काम टाकलं. कोणताही क्रम घ्या, एक बाजू उघडीच राहते. ब्लूटूथच्या एका ड्रायव्हरमध्ये नेमकी हीच गाठ होती. ती सोडवायला कर्नलवर काम करणारे स्टीव्हन रॉस्टेड आणि थॉमस ग्लाइक्सनर यांच्या प्रयत्नांतून टायमर कायमचा मोडून ठेवणारं नवीन फंक्शन आलं; एकदा ते चाललं की मागून कोणीही तो टायमर लावू पाहिला तरी तो गप्प बसतो. हे कधी आलं? फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६.२ या आवृत्तीत. लिनक्स १९९१ चा. म्हणजे टायमर नीट मिटवण्याची सोय यायला तीस वर्षांहून जास्त गेली. सुरू करण्याच्या सोयी पहिल्या दिवशी होत्या.

१९९१ वरून आपल्याच राज्यातली एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. त्याच वर्षी पुण्यात सी-डॅकने परम ८००० हा महासंगणक देशापुढं आणला. अमेरिका क्रे महासंगणक द्यायला खळखळ करत होती, म्हणून १९८८ मध्ये ही संस्था उभी राहिली आणि अकोला जिल्ह्यातले विजय भटकर तिचे प्रमुख झाले, ही कथा आपण शाळेपासून ऐकतो. त्या परममध्ये जी चिप होती तिच्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. ती इंग्लंडच्या इनमॉस कंपनीची टी-८०० ट्रान्सप्युटर. तिची इंटरप्टची रीत जगावेगळी होती. बाहेरचा संकेत आला की चालू प्रोग्राम तोडून हँडलरकडे धावण्याऐवजी, त्या संकेताची वाट पाहणारी एक प्रक्रियाच आधीपासून बसलेली असे. बाहेरचं उपकरण विनंतीची तार वर उचलून धरी, प्रक्रिया तयार असली की पोच मिळे, आणि मगच उपकरणाने तार सोडायची. पोच नाही तर निरोप घेतलाच गेलेला नाही, यात शंकेला जागा नाही. ट्रान्सप्युटर बाजारात टिकला नाही. पण मला विचाराल तर इंटरप्ट म्हणजे अचानक येऊन पडणारी आपत्ती नसून घेतला जाणारा निरोप आहे, ही त्याची समजूत आजच्या पुष्कळ चिपपेक्षा शहाणपणाची होती. आता लिनक्समधले थ्रेडवर चालणारे हँडलर फिरून त्याच वाटेला लागलेत.

आवराआवर चुकल्याने किती लांबवर नुकसान होतं, त्याचं एक उदाहरण २००८ चं आहे. लिनक्सची २.६.२७ ही आवृत्ती प्रसिद्ध होण्याआधी चाचणीला होती, आणि इंटेलची काही नेटवर्क कार्डं अचानक मरायला लागली. कार्डाच्या कायमच्या स्मृतीतला मजकूरच पुसला जात होता. मशीन पुन्हा सुरू केलं तरी कार्ड उठत नव्हतं. आठवडेच्या आठवडे सगळ्यांचा संशय कार्डाच्या ड्रायव्हरवर. निघालं काय? कर्नलमधली फंक्शनं कधी चालली याचा माग ठेवणारी एक वेगळीच यंत्रणा. तिने सुरुवातीला काही पत्ते लिहून ठेवले होते. ती जागा नंतर मोकळी झाली आणि योगायोगाने तिथं कार्डाची स्मृती जोडली गेली. यंत्रणेला कोणी सांगितलंच नाही की आपल्या वहीतले पत्ते जुने झालेत. ती तिथं लिहायला गेली आणि कार्ड गेलं. यात इंटरप्टचा काही दोष नव्हता. पण जागा सोडताना त्या जागेचा पत्ता कोणाकोणाच्या वहीत आहे हे न विचारणं, हा दोष तोच.

आणि काही वेळा आवरायला वेळच मिळत नाही. मशीन कोसळलं की काय झालं ते नोंदवून ठेवायला लिनक्समध्ये एक राखीव कर्नल तयार ठेवता येतो; पहिला कोसळला की हा दुसरा त्याच यंत्रात जागा होतो. पण उपकरणांना कोणी थांबवलेलं नसतं. कार्ड अजून पॅकेट आणून मेमरीत टाकतंय, इंटरप्ट देतंय, आणि नव्या कर्नलला त्या उपकरणाची ओळखही नाही. म्हणून राखीव कर्नलला वेगळी जागा राखून ठेवतात, आणि सुरू करताना त्याला सांगतात की उपकरणं आधी कोरी करून घे, कोणाचा इंटरप्ट आहे कळलं नाही तर सगळ्या हँडलरना विचारून बघ. सभ्य निरोप शक्य नसतो तेव्हा पुढच्याने दार ठोठावून आत यायचं, अशी ही व्यवस्था. ड्रायव्हर लिहिताना उपकरण आधीच अर्धवट चालू असू शकतं असं धरूनच सुरुवात करावी, असं मी म्हणतो ते यामुळेच.

शेवटी समोर बसलेल्या मुलांशी थोडं बोलतो. मुखेडच्या, नायगावच्या, देगलूरच्या कॉलेजातली मुलं इथं आहेत. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करणारीही काही दिसतात. ड्रायव्हर शिकायला महागडी प्रयोगशाळा लागते असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. क्यूईएमयू हा मोफत प्रोग्राम घ्या. तो तुमच्याच संगणकात खोटा संगणक आणि खोटी उपकरणं उभी करतो. तिथं कर्नल कितीही वेळा कोसळला तरी कोणाचं काही बिघडत नाही. कर्नल बांधताना केसॅन नावाची तपासणी चालू करा, ती सोडलेल्या मेमरीला हात लावणाऱ्याला जागेवर पकडते. सामाईक इंटरप्टची एक तपासणी आहे तीही चालू करा. तुम्ही ‘फ्री आयआरक्यू’ म्हणालात की ती मुद्दाम तुमचा हँडलर आणखी एकदा चालवते: खरंच तयार होतास का, ते बघते. पुष्कळ ड्रायव्हर तिथंच पडतात. मग ड्रायव्हर घाला, काढा, घाला, काढा, हे रात्रभर चालू ठेवा, आणि ते चालू असताना दुसऱ्या खिडकीतून त्या उपकरणावर सतत काम टाकत राहा. काम चालू नसताना काढून पाहिलेला ड्रायव्हर तपासला गेलाय असं मी मानत नाही.

आणि कोणाचाही ड्रायव्हर वाचायला घ्याल तेव्हा सुरुवात उपकरण सुरू करणाऱ्या ‘प्रोब’ फंक्शनपासून करू नका. ते सगळेच नीट लिहितात. सरळ शेवटच्या पानावर जा, ‘रिमूव्ह’ शोधा, आणि प्रत्येक ओळीपाशी थांबून विचारा की आत्ता, या क्षणी, इंटरप्ट आला तर? एखादी खरी चूक सापडली तर कर्नलच्या मंडळींना दुरुस्ती पाठवा. ते तुमचं गाव विचारत नाहीत, कोड बघतात.